काजू खरेदीच्या प्रक्रियेची आकृती: नियमाप्रमाणे काढावी की प्रत्यक्ष व्यवहाराप्रमाणे?

वाळपईचा लेखापाल:

नमस्कार. सत्तरी तालुक्यातील एका सहकारी सोसायटीच्या अंतर्गत लेखापरीक्षणाचे काम माझ्याकडे आहे. मार्च ते मे या काळात सोसायटी सभासद बागायतदारांकडून काजूच्या बिया विकत घेते. बोंडू भट्टीवर जातात आणि बिया आमच्या काट्यावर येतात, असा साधा व्यवहार आहे. खरेदीची लेखी कार्यपद्धती चार पानांची असून तिच्या आधारे मी बीपीएमएन (कामाची प्रक्रिया ठरावीक चिन्हांनी दाखवण्याची प्रमाणित पद्धत) वापरून आकृती काढली. बागायतदार, काटेवाला, लेखा विभाग आणि सचिव असे तिचे चार पट्टे आहेत. संचालक मंडळाला आकृती आवडली आणि ती कार्यालयात लावण्यातही आली.

त्यानंतर ऐन हंगामात एक दिवस मी खरेदी केंद्रावर बसलो. सकाळी अकराच्या सुमारास टेम्पो आणि दुचाक्यांची गर्दी झाली, तेव्हा काटेवाला वजने एका शंभर पानी वहीत पेन्सिलीने उतरवून घेत होता आणि छापील पावत्या संध्याकाळी निवांत फाडल्या जात होत्या. काही पावत्यांवर दराचा रकाना कोराच होता. माझ्या आकृतीत मात्र ‘वजन करून पावती द्या’ अशी एकच चौकट आहे. अशा वेळी आकृती दुरुस्त करावी की तिच्याशी न जुळणाऱ्या व्यवहारावर शेरा मारावा? तसेच इतक्या लहान संस्थेसाठी बीपीएमएन हवेच का, की साधा फ्लोचार्ट पुरेल?

म्हापशाचा जुना ऑडिटर:

आपण काढलेली आकृती चुकीची नाही, पण ती पुस्तिकेची आकृती आहे, व्यवहाराची नव्हे. ती तशीच ठेवावी आणि शेजारी दुसरी काढावी. दोन्हींत जिथे फरक पडतो, तिथेच लेखापरीक्षकाचे खरे काम सुरू होते. पहिली खोडून तिच्या जागी दुसरी काढली, तर नियम आणि वहिवाट यांतील अंतर कागदावरून नाहीसे होईल आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याला पेन्सिलीची वही हीच अधिकृत पद्धत वाटेल.

दुसरी आकृती लोकांना विचारून काढू नये. विचारले की प्रत्येक जण पुस्तिकाच सांगतो, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. काम कसे व्हायला हवे हेच त्याच्या तोंडी बसलेले असते. वैधानिक लेखापरीक्षणासाठी असलेल्या एसए ३१५ या मानकानेही नियंत्रणाची रचना आणि ते प्रत्यक्ष अमलात आहे का हे ठरवण्यासाठी केवळ चौकशी पुरेशी मानलेली नाही. म्हणून एक गोणी निवडावी आणि ती काट्यावर चढल्यापासून बागायतदाराच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत तिच्या मागे जावे. वाटेत जो जो कागद तयार होतो, तो कोणी, किती वाजता आणि कशावरून लिहिला, एवढेच टिपावे. मग ‘वजन करून पावती द्या’ या एका चौकटीच्या जागी चार-पाच चौकटी येतील आणि त्यांतील एक म्हणजे ती शंभर पानी वही असेल.

बारकाईचा प्रश्नही यातूनच सुटतो. माल, पैसा किंवा कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि आकृतीतला बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरतो, तिथे प्रत्येक पाऊल वेगळे दाखवावे. एकाच माणसाच्या टेबलावर चालणारे काम एका चौकटीत मावले तरी हरकत नाही. आपल्या प्रकरणात मला गर्दीपेक्षा कोऱ्या रकान्याची काळजी अधिक वाटते. दर रोज बदलत असेल, तर सकाळच्या मालाला संध्याकाळी दर लिहिणारा माणूस कोणता दर लिहितो आणि तो निर्णय आकृतीत कोणाच्या पट्ट्यात आहे?

वास्कोची प्रोसेस अॅनालिस्ट:

बीपीएमएनविषयी थोडे. त्याची २.० ही आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये ते आयएसओ मानकही झाले, पण म्हणून त्यातील सगळी चिन्हे वापरलीच पाहिजेत असे नाही. सोसायटीसाठी सुरुवात, शेवट, काम, पट्टे आणि दोन प्रकारचे गेटवे (वाटा जिथे फुटतात किंवा पुन्हा जुळतात ती चौकोनी चिन्हे) एवढे पुष्कळ झाले. गेटवेच्या बाबतीत मात्र शिस्त हवी. फुलीचा (×) गेटवे अनेक वाटांपैकी एकच घेतो. अधिकच्या चिन्हाचा (+) गेटवे सर्व वाटा एकदम सुरू करतो आणि त्या पुन्हा जोडताना सर्वांची वाट पाहतो. फुलीने फोडलेल्या वाटा अधिकच्या चिन्हाने जोडल्या, तर दुसरी वाट कधीच येणार नसल्याने प्रक्रिया कागदावरच अडकते. ही चूक मी अनुभवी मंडळींच्या आकृत्यांतही पाहिली आहे.

आणखी एक गोष्ट. बागायतदार हा सोसायटीच्या आतला पट्टा नाही. त्याला स्वतंत्र ‘पूल’ (बाहेरच्या पक्षासाठीची वेगळी मोठी चौकट) द्यावा आणि त्याच्याशी होणारी देवाणघेवाण तुटक रेषेच्या बाणाने दाखवावी. असे केले की सोसायटीने त्याच्या हातात नेमके काय आणि केव्हा दिले, हे लपत नाही.

वाळपईचा लेखापाल:

दोघांचेही आभार. काल एका गोणीच्या मागे गेलो. दराबाबतचा संशय तूर्त फिटला, कारण सचिव रोज सकाळी दर फळ्यावर लिहितात आणि त्याची नोंद असलेली वही मिळाली. तिच्याशी ताडलेल्या पावत्या जुळल्या.

मात्र वाटेत वेगळेच सापडले. प्रत्येक गोणीमागे बारदानापोटी एक किलो वजा केले जाते, आणि रिकामी गोणी मी काट्यावर ठेवली तर ती पाऊण किलोही भरली नाही. ही वजावट पुस्तिकेत नाही, माझ्या आकृतीत नाही आणि छापील पावतीवरही नाही. पावतीवर थेट निव्वळ वजन लिहिलेले असते. कोणी सुरू केली असे विचारल्यावर ‘पूर्वीपासून आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

म्हापशाचा जुना ऑडिटर:

तर मग दुसऱ्या आकृतीत ‘बारदान वजा करा’ ही चौकट काटेवाल्याच्या पट्ट्यात काढावी आणि तिच्याकडे येणारा मंजुरीचा बाण कोठूनही येत नाही, हे तसेच दिसू द्यावे. काटेवाल्यावर ठपका ठेवण्याची घाई करू नये. पेन्सिलीची वही मात्र आजच ताब्यात घ्यावी, कारण एकूण वजन फक्त तिच्यातच असणार. हंगाम संपला की असल्या वह्या रद्दीत जातात.