मदत हवी आहे: अरामी (पश्चिम आशियातली जुनी भाषा, हिब्रू-अरबीची नातलग) 'कुर्बाना' आणि अरबी 'कुर्बान' यांचं नेमकं नातं काय?

सीरियाक म्हणजे अरामीचीच एक शाखा, केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची उपासनेची जुनी भाषा, त्यात मिस्साला (चर्चमधली भाकरी-द्राक्षारस अर्पणाची उपासना) 'कुर्बाना' म्हणतात आणि आपण मराठीत 'कुर्बानी' म्हणतो ती फारसीतून आली, फारसीत अरबीतून. मूळ धातू क-र-ब, अर्थ 'जवळ येणं', म्हणजे देवाजवळ नेलेली वस्तू ती अर्पण. हिंदीतलं 'करीब' पण ह्याच धातूचं, हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं!

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (७:११) 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं, एकदा तसं म्हटलं की ती वस्तू आईवडिलांनाही देता येत नाही. जेरुसलेमजवळ एका अस्थिपेटीवर अरामीत कोरलंय की हिच्यात जे काही सापडेल ते आतल्या माणसाकडून देवाला कुर्बान, म्हणजे चोराने हात लावू नये म्हणून सरळ शपथच घातलीय.

आता अडलंय ते इथे. कुराणात (५:२७) आदमच्या दोन मुलांच्या अर्पणाला 'कुर्बान' म्हटलंय, आणि काही अभ्यासक म्हणतात की हा शब्द अरबीने अरामीतून उचलला. पण धातू तर अरबीत आधीपासून आहे, शेवटी 'आन' लागणारे 'गुफरान' (क्षमा) सारखे शब्दही आहेत, मग उसना कशावरून ठरवतात? मला तरी फक्त अर्थावरून ठरवणं पटत नाही. ग्रुपमध्ये कोणी सीरियाक किंवा अरबी व्याकरण शिकलेलं असेल तर प्लीज नीट समजावून सांगा, आणि केरळचे कोणी असाल तर घरी बोलताना 'कुर्बाना' फक्त मिस्सालाच म्हणता का तेही सांगा.