लॅपटॉप मधेच बंद पडतो: कोकणातले तुमचे अनुभव सांगा

खाडीपलीकडचा

शेजारची मुलगी काल लॅपटॉप घेऊन आली. "काका, काही न सांगता बंद होतो." विंडोजचा बिघाड दाखवणारा निळा पडदा नाही, सूचना नाही, पंखा थांबतो आणि समोर काळोख. ती मुंबईच्या कंपनीचं काम इथून, श्रीवर्धनातून करते, त्यामुळे जीव टांगणीला लागलेला.

तिचं ते वाक्य ऐकलं आणि २०२० चा जून आठवला. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि पुढे कित्येक आठवडे लाईट नव्हती. भाचा तेव्हा शेवटच्या वर्षाला, त्याचं सगळं प्रोजेक्ट लॅपटॉपमध्ये. बाजारात एकाने जनरेटर लावला होता. तिथे पैसे देऊन मोबाईल चार्ज करायला रांग लागायची, त्याच रांगेत आम्ही लॅपटॉप घेऊन उभे. पण जनरेटरवर तो मधेच बंद पडायचा. सगळ्यांचं एकमत की जनरेटरने आतला मुख्य बोर्ड उडवला. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. बॅटरी मेलेली होती, आणि जनरेटर जरा अडखळला की चार्जरकडून येणारा पुरवठा तुटायचा. चांगली बॅटरी तेवढा वेळ निभावून नेते.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी आधी एकच सांगतो: स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका, तो बंद कधी पडतो ते लिहून काढा. चार्जर लावलेला होता की काढलेला? त्या क्षणी घरातले दिवे मिचकले का? बूड चटका बसेल इतकं तापलेलं होतं का? बॅटरी किती टक्के दाखवत होती? या चार प्रश्नांत निम्मं दुखणं कळतं.

आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, ट्यूब लागत नाही, आणि लोक लगेच लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर आणायला धावतात. चार्जर उलटा करून बघा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. कमी व्होल्टेज तो पचवतो. लाईट क्षणभर जाऊन येते ना, ते मेलेल्या बॅटरीला झेपत नाही.

तुमचे अनुभव लिहा. किनाऱ्यावरची हवा वेगळी, दुखणीही वेगळी.

सुरंगी

आमच्या वेंगुर्ल्यात मुंग्या!! नवऱ्याचा लॅपटॉप पावसाळ्यात दर थोड्या वेळाने बंद. दुकानदाराने खोलला तर आत अंड्यांसकट आख्खं बिऱ्हाड. उबदार जागा ना. ब्रशने साफ केलं, सुरळीत झाला. मग टेबलाच्या पायांना खडूच्या रेघा ओढल्या. पोळ्या करतेय, नंतर लिहिते

देवगडचो झील

सुरंगीतायनू, आमच्याकडे पाल गावली होती पंख्यात. पंखो फिरना नाय, लॅपटॉप तापलो की बंद. माका वाटला व्हायरस इलो

सुरंगी

ई गंऽऽ नको सांगू रे जेवायच्या वेळी

माडाखाली

व्हायरस म्हणून फॉरमॅट मारणारे बरेच भेटतात. खाडीपलीकडचा यांनी चार प्रश्न दिलेत, मी पाचवा जोडते. बंद पडल्यावर लगेच बटण दाबलं तर चालू होतो का? लगेच होऊन दोन मिनिटांत परत पडत असेल आणि थोडा गार होऊ दिल्यावर जास्त वेळ टिकत असेल, तर आधी उष्णतेचा संशय घ्या. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी वेग कमी करतो, तरी उतरला नाही तर स्वतःला वाचवायला सगळंच बंद करतो. तो बिघाड नाही, रक्षण आहे. मी रत्नागिरीत शाळेत संगणक शिकवते. आमच्या लॅबमध्ये मे महिन्यात हेच होतं, खिडकीतून जांभ्याची लाल धूळ येते आणि पंख्याच्या जाळीवर गोधडी घातल्यासारखी बसते. धूळ काढायची, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. फुंकणीने किंवा ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो.

रातांबा

मी सांगतो ते थोडं वेगळं आहे. चिपळूण. २२ जुलै २०२१. आमचं घर बाजारपेठेत, पाणी पहाटे आलं आणि तळमजल्यावर काही उरलं नाही. लॅपटॉप कपाटात वरच्या फळीवर, तोही बुडाला. वाशिष्ठीचा गाळ कीबोर्डमध्ये. आईचा सगळा हिशोब, वडिलांचे शेवटचे फोटो त्यात. आम्ही तो चालू करायचा प्रयत्न केला नाही, हे दुरुस्तीवाल्याने सर्वांत मोलाचं मानलं. ओला असताना वीज दिली की उरलासुरला बोर्डही जातो. त्याने एसएसडी, म्हणजे सगळा डेटा साठवणारी डिस्क, काढली, स्पिरिटने साफ करून वाळवली, दुसऱ्या मशीनला जोडली. फोटो आले. लॅपटॉप गेला. बंद पडण्याच्या धाग्यात हे बसत नसेल, पण लिहावंसं वाटलं.

माडाखाली

बसतंय रातांबा. वाचून गलबलून आलं. आई बऱ्या आहेत ना?

रातांबा

हो, आता नवीन जागेत, वरच्या मजल्यावर. हिशोब परत वहीत लिहिते, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. काय करणार

भरती ओहोटी

तांदळाच्या डब्यात लॅपटॉप ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका लोकहो. तांदळाचा भुगा आत जातो, ओल तशीच राहते.

माझं दुखणं खाऱ्या हवेचं. घर मुरुडला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खिडक्या कायम उघड्या. लॅपटॉप हलवला की बंद. टेबलावर असला तर चालतो, मांडीवर घेतला की गेला. सगळे म्हणत होते चार्जरची पिन सैल. खोलल्यावर दिसलं की रॅमच्या पट्ट्यांवर आणि बॅटरीच्या सॉकेटवर हिरवट थर चढलाय. तांब्याला खारा दमटपणा लागला की असंच होतं. बॅटरी आधी सोडवून ठेवली, रॅम काढून पट्टी साध्या खोडरबराने पुसली, भुगा झटकला, सॉकेटला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं. मग मांडीवर घेऊन अख्खं घरभर फिरलो, बंद पडला नाही. आता जून ते सप्टेंबर लॅपटॉप वापरात नसेल तेव्हा डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पुड्या अधूनमधून बदला, ओल पिऊन भरल्या की निरुपयोगी.

देवगडचो झील

आमची आजी कपाटात बल्ब लावून ठेवी, कपड्यांका बुरशी येव नये म्हणान. तसा चलात काय?

भरती ओहोटी

चालेल, पण जुना पिवळा बल्ब हवा, एलईडीला तेवढी ऊब नसते. आणि बल्ब कपड्यांना किंवा लाकडाला टेकता कामा नये.

खाडीपलीकडचा

शेजारच्या मुलीचं कळलं. तिने लिहून काढलं: बंद पडतो तो दुपारीच, व्हिडिओ मीटिंग चालू असताना, चार्जर लावलेला, दिवे मिचकत नाहीत. ती बसते पडवीत, वर पत्रा! पंख्याची जाळी लाल धुळीने गच्च. माडाखाली, तुमचंच निदान. जाळी साफ केली, बसायची जागा माजघरात हलवली. आजची मीटिंग पूर्ण झाली, आईने खरवस पाठवलाय.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' बघून ती घाबरली होती. त्या ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी लॅपटॉप नीट रीतीने बंद झाला नव्हता. का, ते तो सांगत नाही. त्याच नोंदीत बगचेक कोड (निळ्या पडद्याच्या बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल तर निळ्या पडद्याची नोंदच झालेली नाही, म्हणजे वीज, बॅटरी, उष्णता याच बाजूला आधी शोधा. शून्य नसेल तर ड्रायव्हर (आतले भाग चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम वगैरे.

पागोळी

खरवस 😍 आमच्याकडे गाय विकल्यापासून बघायला मिळाला नाही

सुरंगी

परत आले. बॅटरी खराब आहे हे दुकानात न जाता कसं कळेल ते सांगा ना कुणीतरी. माझा ३५ टक्क्यांवर धाडकन बंद होतो. चार्जर लावून दिवसभर चालतो.

माडाखाली

विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाईप करा. एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्याच्याही खाली असेल तर बॅटरी थकलीय. तुमचं लक्षणही तेच सांगतंय, टक्के दाखवते पण काम वाढलं की व्होल्टेज धरत नाही. आणि टचपॅड वर उचललेला वाटतोय का, झाकण नीट बसतंय का, ते आजच बघा. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग बंद, दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. काढायचं काम दुकानदारावर सोडा.

सुरंगी

बाई गं, टचपॅडचं क्लिक खरंच घट्ट झालंय. काढला चार्जर. उद्या कुडाळला जाते, बाजारही आहे

पागोळी

येताना काजूगर मिळाले तर भाव सांगा

भरती ओहोटी

अजून एक. एसी गाडीतून रात्रभर प्रवास करून गावी उतरलात की लॅपटॉप लगेच चालू करू नका. गार मशीनवर इथली दमट हवा पाणी धरते, चष्म्यावर धरते तशीच आतही. बॅगेतच थोडा वेळ राहू द्या. आणि पावसाच्या तोंडावर, परतीच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की चार्जरची पिन काढाच, ब्रॉडबँडची वायरही काढा. आमच्या वाडीत वायरीतूनच येऊन राऊटर जळले.

रातांबा

अर्थिंगबद्दल कुणी बोललं नाही. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. कातळावर घर असेल तर उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आमचा वायरमन मीठ-कोळसा घालून वर पाणी ओतायला सांगतो, मे महिन्यात विशेष.

देवगडचो झील

लाईट गेली की लॅपटॉप चलता, पण नेट जाता. राऊटराक काय लावूचा?

खाडीपलीकडचा

राऊटरचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो, लाईट गेली तरी काही तास निघतात. घेण्याआधी राऊटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते बघ, आणि अँपियरही. बरेचसे १२ चे असतात, पण आमच्या आळीत एकाचा ९ चा निघाला.

देवगडचो झील

१२ आसा, १ अँपियर. घेतंय.