बांधकाम नियमावली: कलम आधी की चित्र आधी?

टिळकवाडीचा मास्तर:
माझ्या वर्गात नियमावली म्हणजे पाठांतर. राहत्या घराच्या जिन्याची पायरी किमान २५० मिमी रुंद, उंची जास्तीत जास्त १९० मिमी, हे राष्ट्रीय बांधकाम संहितेतलं कलम पोरं परीक्षेत बिनचूक लिहितात आणि त्याच आठवड्यात ड्रॉइंगमध्ये २१० मिमी उंच पायरी काढतात. यंदा स्क्रीनवर फिरवता येणारं त्रिमितीय घर दाखवलं. पायरी उंच केली की जिना लाल होतो, बाजूला कलम उघडतं. एकीनं विचारलं, "सर, १९० च्या आत बसवायचं तर तीन मीटरच्या मजल्याला १६ चढ लागतात. मग जिना या जागेत मावणार कसा?" इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. व्हीटीयूच्या, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, सगळ्या कॉलेजांत हे असंच शिकवावं.

निपाणीची आर्किटेक्ट:
सर, मला नाही पटत. लाल-हिरवा बघून उत्तर सापडतं, कलम वाचलं जात नाही. खिडक्यांचंच घ्या. संहिता कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश उघडी जागा मागते, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश. आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात खानापूरला पावसाची झड आणि अथणीला कोरडं रान. कुठला आकडा धरायचा हे विद्यार्थ्यानं ठरवायचं असतं, स्क्रीननं परस्पर नाही.

शिनोळीचा साइट इंजिनिअर:
माझी निम्मी कामं चंदगडात, निम्मी बेळगावात. तिकडं महाराष्ट्राची २०२० ची एकत्रित नियमावली आणि एफएसआय, इकडं कर्नाटकाचे नियम आणि एफएआर. दोन्ही म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचं माप, पण नियम वेगळे. मी सुरुवातीला दोन्हीकडं एकच हिशेब लावला, नकाशा परत आला. मॉडेलनं आधी गाव विचारलं पाहिजे. पण एक सांगतो, इकडचे नियम इंग्रजी-कन्नडात, गवंडी मराठी बोलणारा. त्याला कलम वाचून दाखवून उपयोग नाही, चित्र दाखवलं की लगेच पटतं.

टिळकवाडीचा मास्तर:
गाव विचारायचं मान्य, खिडकीचंही. पण बाई, जिना लाल झाला की "का?" पडतो, आणि तिथूनच पोरं स्वतःहून कलम उघडतात.

निपाणीची आर्किटेक्ट:
माझ्या ऑफिसात आलेल्या तिघांनी नाही उघडलं. सगळं हिरवं दिसतंय म्हणून सही मागायला आले. नकाशावर सही माझी असते सर, आणि त्या घरात उद्या कुणाची तरी म्हातारी आई जिना चढणार असते.