मदत हवी आहे: सोनेरी बॉर्डर कॉली नर आणि ब्लू मर्ल मादी, पिल्लं काढावीत का?

मेंढवाडा: दोघंही बॉर्डर कॉली कुत्री. मादी ब्लू मर्ल (फिकट राखाडी अंगावर काळे डाग), तिची आई चॉकलेट-पांढरी. नर सोनेरी-पांढरा, नाक काळं. इकडे मेलबर्नला या रंगाला ऑस्ट्रेलियन रेड म्हणतात. नराचा बाप ब्लू मर्ल, आई सोनेरी. मर्लला मर्ल लावू नये हे ठाऊक आहे, पण इथे मर्ल एकच आहे ना? नराच्या अंगावर एक डाग नाही, डोळेही तपकिरी. मादी तीनेक आठवड्यांत माजावर येईल. पिल्लांचे रंग काय येतील?

रंगपेटी: थांबा. मर्ल एकच *दिसतोय*, आहेत किती ते माहीत नाही.

सोनेरी रंग ई-लोकसचा (लोकस म्हणजे गुणसूत्रावरची जनुकाची जागा). एमसीवनआर जनुकाच्या दोन्ही प्रती 'लहान ई' असल्या की केसात काळं किंवा चॉकलेटी रंगद्रव्य उतरतच नाही, फक्त लाल-पिवळं उतरतं. मर्ल (पीएमईएल जनुकातला बदल) फिकट करतो तो काळा-चॉकलेटी रंग. जे केसात नाहीच ते फिकट कसं होणार? त्यामुळे सोनेरी कुत्रा मर्ल असूनही साफ सोनेरी दिसतो. बाप मर्ल म्हणजे तुमच्या नरात तो असण्याची शक्यता निदान निम्मी. डोळ्यांवर जाऊ नका: मर्ल कुत्र्याचेही दोन्ही डोळे तपकिरी असतात, आणि निळा डोळा मर्लशिवायही येतो.

नरात मर्ल निघाला तर दर पिल्लामागे दुहेरी मर्लची (आई-बाप दोघांकडूनही मर्लची प्रत) शक्यता चारांत एक. सहा पिल्लांच्या वेतात निदान एक तरी दुहेरी निघण्याची शक्यता ८२ टक्के. अशा पिल्लांच्या आतल्या कानात रंगपेशी नसल्या की ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांत मरतात; डोळे लहान, अर्धवट राहू शकतात. यूकेचं केनेल क्लब दोन मर्ल पालकांची पिल्लं नोंदवत नाही ते याचसाठी.

मेंढवाडा: बरं, नर साफ निघाला तर?

रंगपेटी: मग मादीची ई-चाचणी बघा. दोन्ही प्रती 'मोठा ई' असतील तर एकही पिल्लू सोनेरी होणार नाही, निम्मी मर्ल होतील आणि ती नजरेनं ओळखू येतील. एक प्रत लहान असेल तर निम्मी पिल्लं सोनेरी, आणि त्यांतल्या निम्म्यांत मर्ल पुन्हा लपलेला. प्रत्येक सोनेरी पिल्लाची चाचणी करून निकाल कागदपत्रांवर लिहूनच पिल्लू द्या, नाहीतर आजचाच प्रश्न घेऊन पुढचा मालक इथे येईल.

चॉकलेटचं सोपं आहे. आई चॉकलेट, म्हणून मादीकडे त्याची एक प्रत नक्की आहे. नराचं काळं नाक म्हणजे त्याच्याकडे काळ्याची निदान एक प्रत. दुसरी चॉकलेटची असली तर चारांत एक पिल्लू तपकिरी नाकाचं. सोनेरी कुत्र्याचं नाक वयानं, थंडीत फिकटतं, म्हणून पापण्यांची कड आणि ओठही बघून घ्या.

कुरणकाठ: वरच्यात एक भर. एम-चाचणी (मर्लची) नुसती 'आहे/नाही' अशी घेऊ नका, लांबीसह मागा. पीएमईएलमध्ये शिरलेल्या तुकड्याला 'ए' अक्षरांची शेपटी असते आणि ती किती लांब यावर सगळं ठरतं. अहवालात लांबी डीएनएच्या अक्षर-जोड्यांत येते, शेपटीसकट अख्ख्या तुकड्याची: नेहमीचा मर्ल साधारण २६५ ते २६८. २३० च्या आतला 'क्रिप्टिक' सहसा अंगावर दिसतच नाही. 'आहे' एवढंच वाचून बिनधोक कुत्रा उगाच बाद होतो. डी-लोकसही (काळ्याचा राखाडी करणारी जागा) सोबत तपासा. राखाडी पिल्लाला लोक सरसकट 'ब्लू' म्हणतात आणि मर्लमध्ये ढकलतात.

मेंढवाडा: नमुना घरी घेता येईल?

कुरणकाठ: येतो. आधी तासभर खाणं बंद, आणि दोघांना एका वाडग्यातलं पाणी नको. ब्रश गाल आणि हिरडीच्या मधे १५-२० सेकंद फिरवून घासा, नुसती लाळ टिपू नका. उघड्यावर पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात घाला; प्लॅस्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते. दर कुत्र्याला वेगळा ब्रश, नाव आधीच लिहून. पुढे पिल्लांचं करताना त्यांना आधी आईपासून तासभर बाजूला ठेवा. तोंडातल्या दुधाबरोबर आईच्या पेशी येतात आणि निकाल तिचा लागतो.

रंगपेटी: आणि माजापर्यंत अहवाल आला नाही तर हा माज सोडून द्या. तोवर दोघांना वेगळं ठेवा, नुसत्या जाळीच्या कुंपणावर विसंबू नका.