गरम झाल्यावर मोटरसायकल बंद पडते : दोष कॉइलचा की सीडीआयचा?

माझी २००९ सालची, १०० सीसीची कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल सकाळी पहिल्याच किकला सुरू होते. मात्र दहा-बारा किलोमीटर गेल्यावर अचानक बंद पडते आणि वीस मिनिटे थंड झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. बंद पडताच प्लग काढून, इंजिनाला टेकवून किक मारली, तेव्हा ठिणगी फिकट, पिवळसर दिसली. थंड झाल्यावर तीच निळी आणि कडक पडली. प्लग नवा आहे, कार्ब्युरेटर साफ केला आहे, पेट्रोलही नीट उतरते. (गॅरेजमध्ये सरसकट सगळेच बदलायला सांगतात, ते पटत नाही.) माझ्याकडे मल्टिमीटर आहे, पण बदलून पाहण्यासाठी सुटे भाग नाहीत. गाडी गरम असतानाच इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारी) आणि पल्सर कॉइल (ठिणगी कधी पडावी याचा इशारा देणारी) यांचा रोध कोणत्या तारांमध्ये मोजावा, आणि दोन्ही ठीक निघाल्यास दोष सीडीआयचाच (त्या इशाऱ्यावर इग्निशन कॉइलला वीज सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचाच) समजावा का?