कादंबरीचा खर्डा जवळपास झालाय, आता मदत कुठे शोधायची?

कागदी_होडी:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच विचारतेय, सांभाळून घ्या. तीन वर्षं जमेल तसं, घरचे झोपले की, एक कादंबरी लिहितेय. ७०,००० शब्द झालेत, शेवटची दोन प्रकरणं राहिलीत (वर्षभर दोनच राहिलीत, हेही सांगून टाकते). अडलं की मी नेटवर शोधत बसते, कादंबरी कशी लिहावी, पात्रं कशी उभी करावीत, व्हिडिओ, पॉडकास्ट, सगळं सेव्ह करून ठेवलंय, बुकमार्क दोनशेच्या वर गेलेत आणि डोकं आणखीनच गरगरतंय. एक म्हणतो आधी आराखडा करा, दुसरा म्हणतो आराखड्याने कथा मरते. तुम्हाला खरंच उपयोगी पडलेलं काही असेल तर सांगा ना. आणि प्रकाशनातलं मला ओ की ठो कळत नाही. काल एका ठिकाणाहून मेल आला, "तुमची कादंबरी आम्हाला अतिशय आवडली, खालीलपैकी पॅकेज निवडा". मी त्यांना फक्त तीन पानं पाठवली होती. हे असंच असतं का?

आळशी_बोरू:
मेलचं इतर लोक सांगतील, मी लिखाणाचं बोलतो. रागावू नका, पण ते दोनशे बुकमार्क म्हणजे न लिहिण्याची सोय आहे, मी स्वतः त्यातनं गेलोय म्हणून म्हणतो. उरलेली दोन प्रकरणं वाईट लिहा, पण लिहा. मग महिनाभर फाइल उघडूच नका. नंतर एक वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगाला एकच ओळ, कुणाला काय हवं होतं आणि प्रसंग संपताना काय बदललं. जिथे "काही बदललं नाही" असं लिहावं लागेल तिथे खूण करा. आराखडा आधी की नंतर हे भांडण मला फिजूल वाटतं, मी तो खर्डा झाल्यावरच करतो.

सगळ्यात चांगला मार्गदर्शक तुमच्या कपाटातच असणार. तुमच्या कादंबरीच्या जातीची, तुम्हाला मनापासून आवडलेली एक कादंबरी घ्या आणि पेन्सिल घेऊन तिचे भाग सुटे करून बघा, मुख्य पेच कितव्या पानावर सुरू होतो, प्रकरणं केवढी आहेत, लेखक प्रसंग कुठे तोडतो, संवाद कधी थांबवतो. हे एकदा केलं की बरेचसे व्हिडिओ बघायची गरज उरत नाही.

मग वाचायला द्या, चार-पाच जणांना. मैत्रिणी "छान आहे गं" म्हणतील, त्याचा उपयोग शून्य. त्यांना विचारा, पुस्तक कुठे खाली ठेवलं? पानं कुठे उडवली? कोण कोण आहे यात घोटाळा कुठे झाला? तिघं एकाच जागी अडखळले तर तिथे नक्की काहीतरी बिघडलंय. उपाय मात्र त्यांचे घेऊ नका, ते तुमचं काम.

जुना_खिळा:
तीन पानांवर "अतिशय आवडली" आणि लगेच पॅकेज? ताई, ते प्रकाशक नाहीत, तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक आहात. मी ठेच खाल्लेला माणूस आहे, नाव घेत नाही, पण पैसे भरून पुस्तक काढलं, संपादन म्हणजे स्पेलचेक फिरवलेलं, मार्केटिंग म्हणजे त्यांच्याच पेजवर एक पोस्ट, आणि आता प्रतींचे खोके पलंगाखाली आहेत, झाडू मारताना दर वेळी दिसतात. पारंपरिक प्रकाशनात पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो, उलटा वाहायला लागला की थांबायचं. इंग्रजी वाचत असाल तर रायटर बिवेअर ही वेबसाइट बघा, १९९८पासून लेखकांना गंडवणाऱ्या एजंट आणि प्रकाशकांबद्दल सावध करतात आणि फुकट आहे.

खरा करार आला तरी लगेच सही नको. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हातात पडणाऱ्या रकमेवर, हे विचारा, आकडा तोच दिसतो पण फरक प्रचंड पडतो. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे हक्क कोणाकडे? आणि पुस्तक बाजारातून गेलं तर हक्क परत कधी मिळणार? मी हे शेवटचं विचारलंच नव्हतं.

टंकनमित्र:
वरच्यांशी थोडा मतभेद. पैसे देणं म्हणजे फसवणूकच असं नाही, स्वतः पुस्तक काढणार असाल तर संपादकाला आणि मुखपृष्ठ करणाऱ्याला पैसे द्यावेच लागतात, फक्त ते काम तुम्ही निवडलेल्या माणसाला, आधी नमुन्याची चार पानं करून घेऊन. सगळं एका पॅकेजमध्ये नको.

ई-बुकसाठी ॲमेझॉनचं केडीपी आहे, म्हणजे स्वतःच पुस्तक प्रकाशित करायची सोय, मराठी पण चालतं, टाकायला पैसे लागत नाहीत, रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के, किंमत आणि देश बघून ठरते. त्यातल्याच केडीपी सिलेक्ट या ऐच्छिक योजनेची खूण करण्याआधी नीट वाचा, त्यात ई-बुक ९० दिवस दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. किंडलच्या (ॲमेझॉनच्याच) ई-बुकला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागत नाही. छापील प्रतीला घ्या, १३ आकडी असतो, पण आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे, खूप जण गल्लत करतात. १८८६च्या बर्न करारातल्या (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) देशांत कॉपीराइट लिहिताक्षणी तुमचाच होतो, नोंदणीवाचून.

आणि हो, खर्डा युनिकोडमध्ये आहे ना? जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आजच बदला, नाहीतर ई-बुकमध्ये सगळी अक्षरं किड्यामुंग्या होतात. बॅकअप दोन ठिकाणी. एक पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे.

कागदी_होडी:
सगळ्यांचे आभार. पॅकेजवाल्यांना मेल करून विचारलं की हक्क परत कधी मिळतात, तर उत्तर आलं, "ही ऑफर आज रात्रीपर्यंतच". म्हणजे मिळालंच उत्तर. युनिकोडमध्येच आहे, सुटले. बुकमार्क अजून उडवले नाहीत, हात होत नाही, पण वही घेतली आणि पहिली सहा प्रकरणं ओळीओळीने लिहून काढली. चौथ्या प्रकरणात नायिकेचा मामा बॅग घेऊन राहायला येतो आणि त्यानंतर तो कुठे गेला ते मलाच माहीत नाही. आधी त्याला शोधते.