पट्टायात फ्लॅट घ्यावा का? घ्यायचा तर कोणत्या कोट्यातला?

खारा वारा:
पट्टाया किंवा जोमतिएनला समुद्राकाठी फ्लॅट घेऊ पाहणारे बहुतेक जण आधी विचारतात, कितवा मजला आणि समुद्र दिसतो का. माझ्या मते पहिला प्रश्न 'फॉरेन कोट्यात जागा आहे का' हा हवा, आणि दुसरा 'पैसे कोणत्या चलनात थायलंडला पोचणार' हा. दोन्हींची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका. भाडेपट्ट्याचा किंवा कंपनीच्या नावावरचा फ्लॅट तर परदेशी माणसाने घेऊच नये.

थायलंडच्या 1979 च्या कॉन्डोमिनियम कायद्याप्रमाणे इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्रफळापैकी जास्तीत जास्त 49 टक्के परदेशी मालकीचं असू शकतं. हाच फॉरेन कोटा; उरलेला तो थाई कोटा. मोजणी चौरस मीटरवर होते, फ्लॅटच्या संख्येवर नाही. म्हणून "कोट्यात अजून चार शिल्लक आहेत" हा एजंटचा तोंडी हिशेब धरू नका. इमारतीच्या ज्युरिस्टिक ऑफिसकडून, म्हणजे आपल्या भाषेत सोसायटीच्या ऑफिसकडून, कोट्याचं पत्र लेखी घ्या. हस्तांतराच्या दिवशी जमीन कार्यालयात ते लागतंच. मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखलाही लागतो.

आता पैसे. रक्कम परकीय चलनात थायलंडला यायला हवी आणि तिथल्या बँकेत तिचे बात, म्हणजे थाई चलन, व्हायला हवेत. पाठवण्याचं कारण 'कॉन्डो खरेदी' असं, इमारतीच्या नावासह आणि फ्लॅट नंबरासह लिहा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षराचाही फरक नको. 50,000 डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेला बँक एफईटी फॉर्म (परकीय चलन आल्याचा दाखला) देते, छोट्या रकमेला पत्र. इथेच घोटाळा होतो. चांगला दर मिळतो म्हणून कुणी बाहेरच पैशाचे बात करून पाठवतं. मग एफईटी मिळत नाही आणि हस्तांतर अडतं. पुढे फ्लॅट विकून पैसे देशाबाहेर न्यायचे झाले तरी बँक हाच कागद मागते.

निवृत्तीनाथ:
पैशाबद्दल शंभर टक्के सहमत. "भाडेपट्टा घेऊच नये" हे मात्र पटत नाही. त्याच इमारतीत फॉरेन कोट्यातला फ्लॅट बहुधा महाग असतो आणि भाडेपट्ट्याने घेता येणारा थाई कोट्यातला स्वस्त. साठीच्या माणसाला 30 वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा पुरून उरतो. नोंदणीला फी 1 टक्का आणि मुद्रांक शुल्क 0.1 टक्का, एवढाच खर्च. नोंद झाली की मूळ मालकाने फ्लॅट विकला तरी नवा मालक तुम्हाला मुदतीआधी काढू शकत नाही. फक्त करारात तीन गोष्टी हव्यातच: पोटभाडेकरू ठेवण्याचा हक्क, पट्टा दुसऱ्याला विकण्याचा हक्क आणि वारसाला पट्टा चालू ठेवता येईल असं कलम. थाई कायद्यात भाडेपट्टा व्यक्तीपुरता धरतात. तिसरं कलम विसरलं तर भाडेकरूबरोबर पट्टाही संपतो.

खारा वारा:
वारसाच्या कलमाचा मुद्दा रास्त आहे. पण बाजारात विकतात ते 30 नाही, '30+30+30'. दिवाणी संहितेच्या कलम 540 प्रमाणे मुदत 30 वर्षांवर जात नाही. पुढच्या दोन तिशींचं आश्वासन हे त्या मालकाचं व्यक्तिगत आश्वासन, नव्या मालकावर ते बंधनकारक नसतं. शिवाय पट्टा दरवर्षी झिजतो. बाराव्या वर्षी विकायला काढाल तेव्हा हातात 18 वर्षं उरलेली असतात आणि गिऱ्हाईक तेवढ्याचेच पैसे मोजतं. थाई कंपनी काढून तिच्या नावावर फ्लॅट घेण्याच्या वाटेबद्दल तर चर्चाच नको. नावापुरते थाई भागधारक उभे करणं हा 1999 च्या परदेशी व्यवसाय कायद्याखाली गुन्हा आहे.

भाडेकरू बरा:
तुम्ही दोघेही 'कसा घ्यावा' यावर भांडताय. मी म्हणतो, घेऊच नये, भाड्याने राहावं.

उदाहरण म्हणून 40 चौरस मीटर, किंमत 30 लाख बात धरा. हस्तांतर शुल्क सरकारी मूल्यांकनाच्या 2 टक्के. बहुतेकदा विकणारा आणि घेणारा निम्मं निम्मं भरतात, पण करारात तसं लिहिलं नसेल तर ऐन वेळी वाद होतो. पाच वर्षांच्या आत विकलात तर 3.3 टक्के विशेष व्यवसाय कर, म्हणजे 99,000 बात, आणि तो मूल्यांकन व प्रत्यक्ष किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. शिवाय उगमस्थानी कापला जाणारा आयकर वेगळा. मेंटेनन्स चौरस मीटरला 50 बात धरला तर वर्षाला 24,000. थकवलात तर कायद्याने वर्षाला 12 टक्क्यांपर्यंत दंड, सहा महिन्यांवर गेलं की 20 टक्क्यांपर्यंत.

"सुट्टीत आलेल्यांना भाड्याने देऊन खर्च निघेल" असं जे सांगितलं जातं ते सगळ्यात धोक्याचं. 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देणं 2004 च्या हॉटेल कायद्यात अडकतं, परवाना लागतो. खाऱ्या हवेत एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्या आणि सरकत्या दारांची चाकं गंजतात, ते निराळंच. आणि फ्लॅट घेतला म्हणून व्हिसा मिळत नाही.

विटकाम:
खाऱ्या हवेचा मुद्दा फ्लॅटपेक्षा इमारतीला जास्त लागू आहे. बाल्कनीच्या खालच्या बाजूला तडे आणि तांबूस ओघळ दिसले की आतली सळई गंजून फुगू लागली असं समजा. ती दुरुस्ती सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या कामांसाठी मालकांनी साठवलेल्या निधीतून होते. म्हणून रीसेलमध्ये मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि फंडाची शिल्लक मागा. फंड रिकामा असेल तर जादा वर्गणी निघणारच, आणि ती तेव्हाच्या मालकाच्या गळ्यात पडते.

आणि नव्या बांधकामाला सरसकट नावं ठेवू नका. नव्या इमारतीत कोटा मोकळा असतो. 2008 च्या दुरुस्तीनंतर बिल्डरला सरकारी नमुन्यातलाच करार वापरावा लागतो, ग्राहकाच्या तोट्याचं जादा कलम लागू होत नाही. जाहिरातीतली आश्वासनंही कराराचा भाग धरली जातात, तेव्हा माहितीपुस्तिका जपून ठेवा. 80 किंवा जास्त फ्लॅट असतील तर पर्यावरण मंजुरी लागते. ती हातात आहे का विचारा. 'प्रक्रियेत आहे' म्हणजे नाही.

भाडेकरू बरा:
मंजुरी पाहूनही बांधकाम अडकू शकतं. बाली हाय धक्क्याजवळच्या उंच इमारतीचं काम 2014 मध्ये थांबलं, हे पट्टायात सगळ्यांना माहीत आहे. खरेदीदाराचे हप्ते तिसऱ्याकडे सुरक्षित ठेवणारी एस्क्रोची सोय कायद्यात आहे, पण ती ऐच्छिक. बिल्डर तयार नसेल तर पैसे थेट त्याच्याच खात्यात जातात.

खारा वारा:
म्हणूनच माझी पसंती तयार इमारतीतल्या रीसेलला. नव्यातच घ्यायचा असेल तर प्रत्येक हप्ता परदेशातूनच पाठवा आणि प्रत्येकाचा कागद ठेवा. शेवटच्या दिवशी सगळ्या कागदांवरच्या रकमांची बेरीज किमतीइतकी व्हावी लागते. बुकिंगची रक्कम स्थानिक खात्यातून दिली, की तेवढाच आकडा कमी पडतो.

निवृत्तीनाथ यांनी वारसाचा विषय काढला म्हणून एक भर. मालकी हक्काच्या फ्लॅटलाही तो प्रश्न चुकत नाही. परदेशी वारस कायद्याच्या अटींत बसत नसेल, तर त्याला एका वर्षाच्या आत फ्लॅट विकावा लागतो. मालमत्तेच्या मूळ कागदाबरोबर सगळे एफईटी एकाच फाइलमध्ये लावा आणि ती कुठे आहे हे घरच्यांना आजच सांगा.